तडी, सीरी उटगोंड बर्तीनी!

आमच्याकडे घरात कोणी गेलं की पहिल्या तासाभरात दोन गोष्टींची शोधाशोध सुरू होते. एक दवाखान्याच्या कागदांची आणि दुसरी फोटोची. कागद सापडतात. फोटो सापडत नाही.

डिसेंबर २०१७ मध्ये गोकाकला माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा हेच झालं. त्यांना आम्ही सगळे अव्वा म्हणत असू. वय नक्की कोणालाच ठाऊक नव्हतं, ऐंशीच्या पुढे असाव्यात. पेपरला द्यायला, चौकात फलक लावायला आणि पुढे सोप्यात टांगायला फोटो हवा होता. थोरले दीर म्हणाले, "तू तर घरातली फोटोवाली. तुझ्याकडं असणारच." सगळं घर माझ्याकडे बघायला लागलं. माझ्याकडे बेळगावला चार पत्र्याच्या डब्यांत निगेटिव्ह होत्या, एका हार्ड डिस्कवर काही हजार फोटो होते. अव्वांचा भिंतीवर लावण्याजोगा एकही नव्हता.

शेवटी मतदार ओळखपत्र निघालं. त्यावरचा फोटो इतका काळवंडलेला की नाक कुठलं आणि कान कुठला ते घरच्यांनीच ओळखावं. मग माझ्याच लग्नातला, २००३ सालचा, एक घोळक्याचा फोटो मिळाला. तिसऱ्या रांगेत, कोणाच्या तरी फेट्याआडून अव्वांचा चेहरा तेवढा दिसत होता. स्टुडिओतल्या पोरानं तो चेहरा कापला, मागे निळं आकाश घातलं आणि मानेखाली संगणकातली तयार साडी जोडली. राणी रंगाची, हातभर जरीच्या काठाची. अव्वांनी जन्मभर इरकल नेसली. टोप-तेनी पदर आणि गुळेदगुड्डच्या खणाचं झंपर. ती राणी रंगाची साडी कुणाची होती देव जाणे! पण अर्ध्या तासात फलक तयार झाला आणि येणारीजाणारी माणसं त्या साडीला हात जोडू लागली.

मी इतिहास शिकवते. वर्गात पुराव्याचं महत्त्व सांगताना माझा आवाज चांगलाच चढतो, असं मुलं म्हणतात. त्या दिवशी मात्र मी त्या फलकाकडे बघून गप्प उभी होते.

माझा कॅमेऱ्याचा नाद जुना आहे. माहेर शहापूरचं, घरात मराठी, गल्लीत कन्नड. मी बीएच्या पहिल्या वर्षाला असताना, १९९६ साली, भावानं यशिका एमएफ-२ आणला आणि महिन्याभरात त्याला कंटाळून तो मला देऊन टाकला. त्यात फोकस करायची सोयच नव्हती. समोर धरायचा आणि बटण दाबायचं. रोल छत्तीस फोटोंचा. भरताना अंधाऱ्या कोपऱ्यात, जपून भरला तर सदतिसावा आणि कधी अडतिसावाही निघायचा. तो फुकटातला फोटो आपलाच काहीतरी पराक्रम आहे, असं वाटायचं. आई म्हणायची, "फोटो काढून पोट भरतंय काय गं?" रोल आणि धुलाई मिळून जो खर्च यायचा तो बघता तिचं काही चुकत नव्हतं.

एवढ्या मोलाच्या छत्तीस फोटोंत मी काय काढलं? राजहंसगड. किल्ल्यातली कमल बस्ती, तीही चार बाजूंनी. व्हॅक्सिन डेपोच्या झाडांमागचा सूर्यास्त. गोकाकचा धबधबा, लग्नाआधी दोनदा आणि लग्नानंतर अगणित वेळा. ते फोटो आज काढून बघितले तर चांगलेच आहेत, नाही असं नाही. पण कमल बस्ती तेराव्या शतकाच्या सुरुवातीपासून तिथे आहे आणि उद्याही असेल. तिला माझ्या फोटोची गरज नव्हती.

उलट जे फोटो फसले म्हणून बाजूला टाकले होते, तेच आता मी पुन्हा पुन्हा बघते. एका फोटोत मला मैत्रिणीला खडेबाजारात उभं करून फोटो काढायचा होता आणि ती नेमकी हलली. ती पुसट झाली, मागचं सगळं मात्र लख्ख आलं. पिवळा एसटीडी बूथ, त्याच्या बाहेर रात्री दर कमी व्हायची वाट बघणारी दोन माणसं, टेकवून ठेवलेली लुना, रॉकेलचा डबा घेऊन चाललेली बाई, आणि पाटीवर गावाचं जुनं नाव. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी पाट्यांवर 'बेळगावी' आलं. नावाचा वाद मी इथे काढत नाही, तो काढायला आपल्याकडे माणसांची कमतरता नाही. पण ती पाटी, तो बूथ आणि तो रॉकेलचा डबा एका चौकटीत पुन्हा मिळणार नाही, हे खरं. त्या दिवशी मी मैत्रिणीवर चिडले होते. आज तिचे आभार मानते.

कॉलेजच्या ग्रंथालयात मला टी. एस. सत्यन यांचं 'अलाइव्ह अँड क्लिकिंग' हे २००५ मध्ये आलेलं पुस्तक सापडलं. सत्यन म्हैसूरचे. १९२३ चा जन्म, २००९ मध्ये गेले. वृत्तपत्रांसाठी आणि मासिकांसाठी त्यांनी पुढारी टिपले, मोठमोठे प्रसंग टिपले. पण त्यांचं नाव निघालं की मला आठवतात ती साधी माणसं आणि मुलं. १९७९ हे आंतरराष्ट्रीय बालवर्ष होतं. त्या वर्षी युनिसेफनं त्यांनी काढलेल्या मुलांच्या फोटोंचं प्रदर्शन न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघाच्या मुख्यालयात भरवलं. आपल्याच राज्यातला माणूस शाळेतली, रस्त्यावरची पोरं टिपतो आणि ते फोटो तिथवर जातात, याचं मला फार अप्रूप वाटलं. आता मीही साध्या माणसांचे फोटो काढणार, असं ठरवून टाकलं.

आणि मी साधी माणसं शोधायला घराबाहेर पडले! बाजारातली भाजीवाली, वडगावच्या मागावर बसलेला विणकर, निपाणीच्या वाटेवरचा तंबाखूचा मळा. घरात चुलीपुढे बसलेली अव्वा मला दिसली नाही, असं नाही. दिसली होती. तिचीच गोष्ट सांगायची आहे.

गोकाकच्या घराचं स्वयंपाकघर अंधारं, पण चुलीच्या डाव्या हाताला पूर्वेकडे एक लहान खिडकी होती. सकाळी आठच्या सुमाराला त्यातून उन्हाचा एक पट्टा यायचा आणि परातीतल्या ज्वारीच्या पिठावर पडायचा. अव्वा पीठ मळायच्या, भाकरी थापायच्या, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायच्या. कॅमेरा हातात असणाऱ्या कोणालाही मोह व्हावा असा तो प्रकाश. मी कॅमेरा उचलला की त्यांचा हात थांबायचा. "तडी, छलो सीरी उटगोंड बर्तीनी!" थांब, चांगली साडी नेसून येते. मी म्हणायची, अव्वा, साडी राहू दे, असंच हवंय. त्या म्हणायच्या, "ई सीर्याग?" या साडीत? आणि परात घेऊन चक्क पाठ फिरवायच्या.

मला वाटायचं, हा जुन्या माणसांचा संकोच. आता वाटतं, तसं नव्हतं. अव्वांच्या लग्नात फोटो निघाला नव्हता. त्यांच्या उभ्या आयुष्यात फोटोचा प्रसंग चार-पाच वेळा आला असेल, आणि दर वेळी तो फोटो कोणीतरी बघणार होतं, सोप्यात लागणार होता, नाहीतर सरकारी कागदावर चिकटणार होता. फोटो म्हणजे लोकांपुढे जाणं. लोकांपुढे जाताना माणूस धुतलेलं नेसतो. मी त्यांच्याकडून मागत होते ते विटलेल्या साडीतलं, राखेच्या हाताचं रूप, आणि त्याला मी 'नैसर्गिक' म्हणत होते. माझा स्वतःचा असा फोटो मी कोणाला काढू दिला असता का? कॉलेजच्या वार्षिक अंकात फोटो द्यायचा असला की मी दोन दिवस आधी साडी ठरवते.

फ्रान्सचे मोठे छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्या १९५२ च्या पुस्तकामुळे 'निर्णायक क्षण' हा शब्दप्रयोग जगभर झाला. सगळं जुळून येतं तो क्षण टिपायचा, एवढाच अर्थ मी त्यातून उचलला होता. माझ्या मते स्वयंपाकघरात असा क्षणच नसतो. पहिली भाकरी आणि चाळिसावी भाकरी सारखीच. मी त्या नसलेल्या क्षणाची वाट बघत राहिले.

एकदा मात्र अव्वा स्वतःहून तयार झाल्या. २००९ सालची गोष्ट. मी नुकताच पहिला डिजिटल कॅमेरा घेतला होता, दोन जीबीचं कार्ड. माघी पौर्णिमेला आम्ही सगळे सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर निघालो होतो. निघायच्या सकाळी अव्वा नवी इरकल नेसून, कुंकू लावून अंगणात आल्या, लोखंडी खुर्ची स्वतः ओढली आणि बसल्या. दोन्ही हात गुडघ्यांवर, मान ताठ, नजर सरळ कॅमेऱ्यात. "ईग तगी," म्हणाल्या. आता काढ. मी सहा फोटो काढले.

डोंगरावर बैलगाड्यांची रांगच्या रांग, भंडाऱ्यानं पिवळी झालेली माणसं, हवेत पिवळा धुरळा. मी वेड्यासारखी बटण दाबत होते. दुपारी कार्ड भरलं. मग सावलीला बसून नको असलेले फोटो पुसायला घेतले. अव्वांचे सहा फोटो आले. 'पोझ दिल्यासारखे' वाटले. ताठ, काही घडत नसलेले. सहाही पुसले आणि त्या जागेत आणखी बैलगाड्या काढल्या.

पुढे मला कोणीतरी समजावलं की डिजिटल कॅमेऱ्यात फोटो पुसला तरी तो त्या क्षणी जात नाही. ती जागा मोकळी झाली एवढीच नोंद होते. त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तो परत काढता येण्याची आशा असते. म्हणजे मी कार्ड तसंच ठेवलं असतं तर चाललं असतं. रोलच्या काळात तर प्रश्नच नव्हता. फसलेला फोटोही निगेटिव्हच्या पट्टीवर चांगल्या फोटोच्या शेजारी मुकाट राहायचा, त्याला एकट्याला काढून टाकता यायचं नाही. तसल्या बैलगाड्या आणि तसला भंडारा दर वर्षी पेपरात छापून येतो. तो फोटो मी नसता काढला तरी चाललं असतं.

२०१७ च्या त्या सकाळी स्टुडिओतला पोरगा अव्वांच्या गळ्याखाली राणी रंगाची साडी जोडत होता, तेव्हा मला ते सहा फोटो आठवत होते. हे मी घरात कोणालाही सांगितलं नाही. यजमानांना अलीकडे सांगितलं. ते काही बोलले नाहीत, चहाचा कप घेऊन बाहेर जाऊन बसले.

मग ऑगस्ट २०१९ चा पूर आला. घटप्रभा गोकाक शहरात शिरली ते आपल्याकडे कोणी विसरलेलं नाही. आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. माणसं आधीच वर हलवली होती, सामान राहिलं. पाणी ओसरल्यावर ट्रंक उघडली तर अल्बमचा लगदा. इथे थोडं शिकलेलं सांगते, कारण नदीकाठच्या घरांना पुन्हा कधी उपयोगी पडेल. ओले, चिकटलेले फोटो ओढून सोडवू नयेत. कागदावरचा चित्राचा थर जिलेटिनचा असतो. तो पाण्यानं मऊ होतो आणि ओढला की चेहऱ्यासकट सुटून येतो. स्वच्छ गार पाण्याच्या परातीत ठेवून हलक्या हातानं सुटे करायचे, चित्राला बोट न लावता धुवायचे आणि चेहरा वर करून पांढऱ्या कापडावर सावलीत सुकवायचे. वर्तमानपत्रावर ठेवले तर शाई लागते. सगळे एकदम जमणार नसतील तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवायचे. तेवढी उसंत मिळते. पूर्ण वाळून एकमेकांना चिकटले की मात्र सुटणं कठीण.

आम्ही शेजाऱ्यांच्या गच्चीवर जुनी धोतरं पसरून दोन दिवस हेच केलं. नवल म्हणजे काळ्या जाड कागदाचे, कोपऱ्यांत फोटो अडकवलेले सासऱ्यांच्या वेळचे अल्बम बरेच वाचले. कृष्णधवल फोटोतलं चित्र चांदीच्या बारीक कणांचं असतं, ते सहज धुऊन जात नाही. नव्वदीनंतरचे रंगीत फोटो, ते चिकट पानांवर प्लॅस्टिकचा पडदा असलेल्या अल्बममधले, सगळ्यात आधी गेले. लाल-पिवळे ओघळ उरले. लग्नातला तो घोळक्याचा फोटोही गेला. सोप्यातली फ्रेम उंचावर होती म्हणून तिला पाणी लागलं नाही. राणी रंगाच्या साडीतल्या अव्वा कोरड्या राहिल्या.

फोटो धुताना थोरल्या जाऊबाईंनी माझ्या लेकीला सहज विचारलं, "तू लहान असताना आजीच्या मागं कॅमेरा घेऊन फिरायचीस, ते फोटो कुठं गेले गं?" मला आठवेना. लेकीलाही धड आठवेना. बेळगावला परत आल्यावर जुन्या संगणकात शोधलं तर खरंच २०१२ च्या मे महिन्याचं एक फोल्डर निघालं. सहा वर्षांच्या पोरीनं माझा कॅमेरा घेऊन एका सकाळी एकेचाळीस फोटो काढले होते. मी कधी उघडूनही बघितले नव्हते.

सगळे गुडघ्याच्या उंचीवरून काढलेले. बऱ्याचशांत डोकं कापलेलं. साडीचा मातकट काठ, पायातली जोडवी, परात, पिठाचे हात, चुलीपाशी झोपलेलं मांजर, पुन्हा पिठाचे हात. पोरीला पाठ फिरवायचं अव्वांच्या मनात आलं नसावं, पोरीच्या हातचा फोटो म्हणजे फोटो थोडाच! सत्ताविसाव्या फोटोत चेहरा आहे. थोडा हललेला, अर्ध्यावर उन्हाचा पट्टा. तोंड उघडं आहे, काहीतरी बोलतायत. यजमान म्हणतात, "साक बिडव्वा" म्हणत असतील. जाऊबाई म्हणतात, छे, त्या भाकरी खायला बोलावतायत.

मी तो मोठा करून गोकाकला नेला. मला वाटलं होतं, संगणकाच्या साडीतला फोटो आता उतरेल. थोरले दीर बराच वेळ बघत राहिले, डोळे पुसले आणि म्हणाले, सोप्यात नको. "मंदी बर्तार." लोक येतात. माझा थोडा विरस झाला. पण अंगणात खुर्ची ओढून बसलेल्या अव्वा आठवल्या, आणि लोकांपुढे कसं जायचं याबद्दल त्यांचं मत काय होतं हे मला दिरांपेक्षा जास्त ठाऊक होतं. आता राणी रंगाची साडी सोप्यात आहे आणि सत्ताविसावा फोटो स्वयंपाकघरात, त्याच खिडकीशेजारी.

त्यानंतर माझी पद्धत थोडी बदलली. आता कोणी 'थांब, साडी बदलून येते' म्हटलं की मी थांबते. त्यांना हवा तसा फोटो आधी काढते, ताठ तर ताठ. तो पुसत नाही. मग कॅमेरा खाली न ठेवता गप्पा मारत बसते. दुसरा फोटो त्या गप्पांत कुठेतरी मिळतो, कधी मिळतही नाही. आता तर कॅमेराही लागत नाही, फोन असतोच. स्वयंपाकघरात फ्लॅश लावू नका, माणसाच्या मागे खिडकी ठेवू नका, बाजूला ठेवा. आणि व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो लहान होऊन जातो, म्हणून मूळ फोटो दोन ठिकाणी राखून ठेवा. वर्षातून दहा-पंधरा तरी कागदावर काढून घ्या आणि कोण, कुठे, कोणत्या साली हे मागच्या बाजूला लिहा. बॉलपेन दाबून लिहू नका, पुढे वळ उमटतात. आमच्या वाचलेल्या फोटोंत सासऱ्यांशेजारी उभ्या असलेल्या दोन बायका आहेत. त्या कोण हे सांगू शकणारं माणूस आता राहिलं नाही.

गेल्या महिन्यात जाऊबाईंचा फोन आला. त्यांना आता गुडघ्यांमुळे फार वेळ खाली बसवत नाही. या रविवारी ये म्हणाल्या, येताना कॅमेरा घेऊन ये, फोन नको. मी विचारलं, काही कार्यक्रम आहे का? म्हणाल्या, "कार्यक्रम कसला, भाकरी करणार आहे. साडी काढून ठेवलीय."